ठराव आमच्या नावाचा आहे, म्हणून बोलणे भाग आहे

(जव्हार येथील जिल्हा बैठकीत सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



मोखाड्याकडची मंडळी अंधारात निघून आली आहेत, अजून कितीजणांचा चहाही झालेला नाही, हे दिसते आहे. तरी थोडा वेळ मागून घेतो.

जेवणानंतर यायचा ठराव तुम्ही ऐकला आहे. पाड्यावरच्या महिन्याच्या बैठका बंद कराव्यात, तालुका समित्या मोडाव्यात, आंदोलन कधी उभे करायचे आणि कधी मागे घ्यायचे, वर्गणीचा पैसा कुठे लावायचा, हे सारे पाच वर्षे एकाच माणसाने ठरवावे, असा तो ठराव आहे. हिशेबाची वहीही त्याच्याचकडे राहणार. आणि त्या एका माणसाच्या जागी नाव घातले आहे ते आमचे.

ज्या पोरांनी ठराव लिहिला त्यांच्यावर आमचा राग नाही. ते म्हणतात ते खोटे नाही. बैठकीत तीन तास भांडण होते, तोवर कचेरीतला साहेब घरी जातो. वनहक्काचे दावे वर्षानुवर्षे पडून राहतात आणि आम्ही मात्र निवेदनाच्या मसुद्यावर वाद घालत बसतो. एक खंबीर माणूस असता तर काम फत्ते झाले असते, असे कुणाला वाटले तर त्यात नवल काय? खरे सांगायचे तर ठराव वाचला त्या रात्री आम्हालाही बरे वाटले. भीती वाटली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. ती भीती कसली, ते सांगण्यासाठी हे बोलणे आहे. त्यात युरोपातल्या गोष्टी येतील. कुणी म्हणेल, नागली-वरई पिकवणाऱ्या माणसाला मुसोलिनी-हिटलरशी काय करायचे आहे? म्हणून सुरुवात युरोपातून करीत नाही, शेजारून करतो.

हवेलीतला हुकूमशहा

इथून उत्तरेला गाडीने दोन-तीन तासांवर सिल्वासा आहे. तिकडे आपल्या सोयरिकी आहेत. तिकडचा वारली, कोकणा आणि इकडचा वारली, कोकणा एकच. पेशवाईच्या काळात, १७८३ साली, तहापोटी नगरहवेली पोर्तुगिजांच्या हाती गेली, १७८५ साली दादरा गेले. तेव्हापासून १९५४ पर्यंत तिथले राज्य लिस्बनहून चालले. इथे जव्हारात मुकणे राजांचे संस्थान होते, ते १९४८ साली विलीन झाले. आपण मतदार झालो, १९५२ ला मतदानही केले. आणि चार डोंगर पलीकडचा आपलाच सोयरा त्या वेळी युरोपातल्या एका हुकूमशहाच्या राज्यात राहत होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ज्या राजवटी उभ्या राहिल्या त्यातलीच ती एक. हिटलर मेला, मुसोलिनी मेला, पण हिची सावली आपल्या शेजारच्या जंगलावर आणखी नऊ वर्षे पडून होती.

त्या हुकूमशहाचे नाव सालाझार. त्याची गोष्ट नीट ऐका, कारण हुकूमशहा म्हटला की आपल्या डोळ्यापुढे मिशीवाला, ओरडणारा माणूस येतो. हा तसा नव्हता. खेड्यात जन्मलेला, मोठ्या जमीनदाराकडे कारभार पाहणाऱ्याचा मुलगा. कोइंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक. साधा राहणारा, लग्न न केलेला, मोठ्या सभांचा कंटाळा असलेला. असा माणूस समोर उभा राहिला तर तुम्ही-आम्ही त्याला हात जोडू.

पोर्तुगालमध्ये १९१० साली राजा गेला आणि लोकराज्य आले. पण सोळा वर्षांत पंचेचाळीसच्या आसपास सरकारे झाली. पैशाची किंमत उतरत चालली. रोज नवा मंत्री. लोक विटले. २८ मे १९२६ रोजी लष्कर उठले तेव्हा फारसे कुणी आडवे आले नाही. सेनापतींना बंदूक चालवता येत होती, तिजोरी चालवता येईना. म्हणून १९२८ साली त्यांनी या प्राध्यापकाला अर्थमंत्री केले. त्याने एकच अट घातली: कोणत्याही खात्याचा खर्च माझ्या संमतीशिवाय होणार नाही. अट मान्य झाली. वर्षभरात अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोस्तांनो, त्याला तलवार उचलावीच लागली नाही. हिशेबाची वही हातात आली आणि राज्य मागोमाग आले. १९३२ साली तो पंतप्रधान झाला.

१९३३ साली नवी राज्यघटना लोकांपुढे कौलाला ठेवली. त्या कौलात एक गंमत होती. जो मतदानाला आलाच नाही त्याचेही मत 'हो' असे धरले गेले! मग पक्ष एकच उरला, छापण्याआधी वृत्तपत्र तपासले जाऊ लागले, गुप्त पोलीस आले, संप गुन्हा झाला. हे छत्तीस वर्षे चालले. १९६८ साली खुर्चीवरून पडल्याचे निमित्त होऊन तो आजारी पडला आणि त्याच्या जागी दुसरा नेमला गेला. पण त्याला ते सांगण्याची कुणाची छाती झाली नाही. मंत्री येऊन खोट्या खोट्या बैठका करीत. १९७० साली मरेपर्यंत तो आपणच राज्य चालवतो असे समजत होता. ज्याला खरे सांगायचे नाही असे सगळ्या देशाने छत्तीस वर्षांत शिकून घेतले, त्याच्याबरोबर दुसरे काय होणार?

गोव्यात तर याची किंमत आपल्याच भाषेच्या माणसांनी मोजली. १९१० च्या लोकराज्याने गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा बरोबरीचे हक्क दिले होते. नोकऱ्या उघडल्या, मराठी शाळा निघाल्या, वर्तमानपत्रे निघाली. वीस वर्षे मोकळा वारा खाल्लेली ती माणसे होती. १९३० साली सालाझारने वसाहतींचा कायदा आणला. वसाहती ताब्यात ठेवणे आणि तिथल्या लोकांना सुधारणे हे पोर्तुगालचे मूळ कर्तव्यच आहे, असे त्यात लिहिले होते. म्हणजे काल जो नागरिक होता तो आज 'सुधारायचा माणूस' झाला. पणजीच्या विधिमंडळात त्या वर्षी लुईस द मिनेझिस ब्रागांझा उभे राहिले आणि कोणत्याही जनतेप्रमाणे आपला कारभार आपण करण्याचा हक्क आम्ही सोडलेला नाही, अशा अर्थाचा ठराव त्यांनी मांडला. पुढे त्यांचे वृत्तपत्र बंद पडले. सभेला परवाना लागे. लग्नाची पत्रिकासुद्धा तपासनिसाच्या शिक्क्याशिवाय छापता येत नसे. आपल्याकडे पत्रिकेत मामाचे नाव राहिले म्हणून भांडणे होतात, तिथे पत्रिकेसाठी सरकारच्या दारात उभे राहावे लागे.

१८ जून १९४६ रोजी राममनोहर लोहियांनी मडगावला सभेची बंदी मोडली. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना लष्करी कोर्टाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि थेट पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, राम हेगडे, जुझे इनासियु लॉयोला यांनाही समुद्रापार धाडले. आणि मोहन रानडे! सांगलीकडचे, गोव्यात मराठी शिकवायला गेलेले मास्तर. १९५५ साली पकडले गेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी ते पोर्तुगालच्या तुरुंगातच होते. सुटले १९६९ साली.

हवेलीचे मात्र लोकांनी स्वतः निस्तरले. २१ जुलै १९५४ च्या रात्री दादरा, आठवडाभरात नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा. त्यात फ्रान्सिस मास्कारेन्हास यांची माणसे होती, आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे होते, संघाचे स्वयंसेवक होते, सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. जॉर्ज वाझ आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते वारल्यांना घेऊन उतरले होते. एकमेकांचे तोंड न पाहणारे हे लोक, पण त्या पंधरा दिवसांत सगळ्यांचे तोंड एका दिशेला होते. पोर्तुगीज कारभारी कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे पळाला आणि ११ ऑगस्टला आपल्या तलासरीकडच्या उधव्याला शरण आला. पुढे १९६१ पर्यंत तिथला कारभार वरिष्ठ पंचायतीने चालवला. त्यांनी राजा शोधला नाही, पंचायत केली, हे ध्यानात ठेवा.

आधी गावची निवडणूक गेली

आता इटली. थोडक्यात सांगतो, पण यातला शेतीचा भाग शाळेच्या पुस्तकात नसतो. फॅसिझम वाढला तो शेतात. पो नदीच्या सुपीक खोऱ्यात हजारो भूमिहीन मजूर होते. त्यांनी संघ बांधले, मजुरी वाढवून घेतली, सहकारी दुकाने काढली. १९२० च्या अखेरीपासून जमीनदारांनी पैसे दिले आणि काळ्या डगल्यांच्या टोळ्या रात्री ट्रकमधून गावात येऊ लागल्या. संघाचे कार्यालय जाळायचे, दुकान जाळायचे, पुढाऱ्याला धरून बळेच एरंडेल पाजायचे. हसू नका. बाटलीभर एरंडेल पाजून, कपडे खराब झालेल्या माणसाला बायकापोरांसमोर गावातून हाकलत नेले, की तो परत सभेत उभा राहत नाही. पोलीस दुसरीकडे बघत. १९४५ पूर्वी सावकार-जमीनदाराच्या वाड्यावर वेठीने राबलेल्या आपल्या आजा-पणज्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागले नसते. फरक इतकाच, की तलासरी-डहाणूकडे त्या वर्षी लाल बावट्याखाली माणूस उठला आणि वेठ मोडली, तिकडे त्याच रीतीने उठलेला माणूस मोडला.

ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी रोमला गेला तो रात्रीच्या आगगाडीने, राजाचे बोलावणे आल्यावर. संसदेत पाचशेपस्तीसपैकी त्याचे पस्तीस सभासद होते. विश्वासाचे मत त्याला बाकीच्यांनी दिले. त्यांना वाटले, याला वापरून घेऊ आणि सोडून देऊ. पुढच्या वर्षी कायदा झाला: ज्याला सर्वांत जास्त, निदान पंचवीस टक्के मते, त्याला दोनतृतीयांश जागा. त्या निवडणुकीतली दांडगाई मात्तेओत्ती नावाच्या सभासदाने संसदेत मांडली, तर १० जून १९२४ रोजी त्याला भररस्त्यातून उचलून ठार केले. तो त्याच पो खोऱ्यातला, शेतमजुरांत काम केलेला.

आणि पुढची गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी १९२६ मध्ये पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांतल्या निवडणुका बंद झाल्या. निवडून आलेल्या सरपंचाच्या जागी वरून नेमलेला माणूस आला. शहरांची पाळी त्याच वर्षी सप्टेंबरात आली. विरोधी पक्ष संपले ते वर्षाच्या शेवटी. म्हणजे आधी पाड्याची बैठक गेली. ठरावातले पहिले कलम परत वाचा.

आपल्याकडचेही मोठमोठे लोक या माणसाला पाहून आले. रवींद्रनाथ १९२६ साली इटलीत गेले, पाहुणचाराने आधी भारावले आणि सत्य कळल्यावर जाहीर पत्र लिहून मोकळे झाले. आपल्या महाराष्ट्राच्या राजकारणातले डॉ. मुंजे मार्च १९३१ मध्ये मुसोलिनीला भेटले, तिथल्या पोरांच्या कवायती पाहून प्रभावित झाले. नेहरूंना १९३६ साली भेटीचे बोलावणे होते, ते गेले नाहीत. सांगायचे एवढेच, की शिकलेली माणसे फसत नाहीत असे समजू नका. आम्ही शेतकी पदवीधर आहोत, आमच्यावरही तो भरवसा ठेवू नका.

जर्मनीची गोष्ट शेतकरी आंदोलनातल्या माणसाने उरावर दगड ठेवून वाचावी. श्लेस्विग-होल्स्टाइन हा तिकडचा गुरेपाळू शेतकऱ्यांचा मुलूख. १९२८ पासून भाव पडले, कर्ज तुंबले, गोठ्यातली जनावरे लिलावात निघाली. शेतकरी उठले, कर देणार नाही म्हणाले. त्यांचा झेंडा काळा, त्यावर पांढरा नांगर आणि तांबडी तलवार. मागण्या आपल्यासारख्याच होत्या. लोकशाहीतल्या पक्षांनी त्यांना विचारले नाही. हिटलरच्या माणसांनी गावोगाव जाऊन विचारले. १९२८ साली त्या मुलखात हिटलरला शंभरात चार मते होती, जुलै १९३२ मध्ये एक्कावन्न झाली.

मग शेतकऱ्याला मिळाले काय? सप्टेंबर १९३३ मध्ये सरकारने सगळ्या शेतीव्यवसायाची एकच सरकारी संघटना केली, बाकीच्या सगळ्या शेतकरी संस्था तिच्यात गडप झाल्या. भाव ठरवला सरकारने, माल कुणाला घालायचा तेही सरकारने. मधल्या आकाराच्या शेतांना 'वारसा शेत' ठरवले: विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. लिलाव थांबला, हे खरे. पण गहाण नाही म्हणून नवे कर्जही नाही. एकच मुलगा वारस, बाकीची पोरे वाऱ्यावर, मुलीचा नंबर भावांच्या आणि काकांच्याही मागे. ज्यूंना तर 'शेतकरी' हा शब्दच वापरायची बंदी. भाव पडला तर काळा झेंडा काढायची सोय मात्र संपली होती.

वाविलोवच्या धड्यापुढे काय झाले

शेतकी कॉलेजात आम्हाला पिकांच्या उगमाचा धडा होता. कोणते पीक जगात कुठे जन्मले ते शोधणारा रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव. परीक्षेत त्याच्यावर प्रश्न हमखास यायचा. तो मेला कसा, हे मात्र कुणी शिकवले नाही. १९४० साली त्याला पकडले आणि १९४३ साली साराटोवच्या तुरुंगात तो मेला, उपासमारीने. जगाची भूक भागावी म्हणून देशोदेशीचे बी गोळा करणारा माणूस. त्याआधी लहान शेतकऱ्याच्या शेतीचा हिशेब मांडणारा चायानोव १९३० साली पकडला गेला, १९३७ साली त्याला गोळी घातली. खरे सांगणारा शेतीतज्ज्ञ हुकूमशहाला चालत नाही, कारण पीक हुकमाने वाढत नाही, हे त्याला ठाऊक असते.

१९२९ अखेर स्टालिनने ठरवले की सगळी शेते एकत्र करायची, आणि तीही झटपट. विरोध करील तो श्रीमंत शेतकरी, त्याला उचलून थंडीत दूर नेऊन टाकायचे. दोन वर्षांत सुमारे अठरा लाख माणसे अशी हलवली. गुरे सरकारजमा होणार म्हणून लोकांनीच ती कापली. चार-पाच वर्षांत देशातली गुरे आणि घोडे निम्म्यावर आले. ऑगस्ट १९३२ चा कायदा असा, की सामुदायिक शेतातली कणसे खुडली तर मृत्यूची किंवा दहा वर्षांची शिक्षा. लेव्ही मात्र कमी झाली नाही. घरात शिरून मडकी तपासली. जानेवारी १९३३ मध्ये उपाशी शेतकऱ्यांनी युक्रेन सोडू नये म्हणून वाटा अडवल्या. एकट्या युक्रेनमध्ये निदान पस्तीस लाख माणसे मेली. कझाखांच्या गुराखी टोळ्यांमध्येही लाखांनी मेली. त्या वर्षी धान्याची निर्यात चालूच होती. आणि छापून काय येत होते? विक्रमी पीक. १९३७ साली जनगणना केली, माणसे कमी भरली, तर जनगणना रद्द केली आणि मोजणाऱ्यांना तुरुंगात टाकले.

आता जरा मागे वळून बघा. १९९२ साली याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभरावर पोरे कुपोषणाने गेली. आपल्यापैकी काहीजणांनी ती पुरली आहेत. ती बातमी वर्तमानपत्रात आली, मुख्यमंत्र्यांना इथवर यावे लागले, कोर्टात याचिका झाल्या, न्यायाधीशांनी सरकारला जाब विचारला. त्याने सगळे पालटले असे आम्ही म्हणणार नाही, पोरे पुढेही गेली. मोजायला मात्र मनाई नव्हती. कुणी आकडा लपवला तर दुसरा कुणी तो उघड करू शकत होता. युक्रेनच्या आईला तेवढेही नव्हते. १९७५ च्या जूनपासून एकवीस महिने आपल्या देशातही वर्तमानपत्र तपासून छापले जात होते, आणि नसबंदीच्या कोट्यासाठी गरीब माणूस कसा पकडला जाई ते जुन्या लोकांना विचारा.

राहिले आमचे. काही वर्षांपूर्वी, घाई होती म्हणून, बियाण्याचा निर्णय आम्ही पाड्यावर न विचारता घेतला. जास्त उतारा देणारे गरव्या जातीचे भात, पुस्तकात आकडे चांगले. माळावरच्या हलक्या जमिनीतही तेच वाटले. एक म्हातारी आजी रस्त्यात म्हणाली होती, "दादा, आमच्या माळाला हळवाच भात लागंल, ह्यो पाऊस पुरायचा नाय." आम्ही हसून पुढे गेलो, कारण बैठकच ठेवली नव्हती. त्या वर्षी सप्टेंबरअखेर पाऊस उघडला. लोंब्या बाहेर आल्या त्या पोचट. साठ-पासष्ट घरांची पेरणी वाया गेली, आणि आम्हाला तोंडावर बोलायला एकही माणूस आला नाही. नुकसानीपेक्षा ते गप्प बसणे आम्हाला जास्त लागले. आजीने रस्त्यात सांगितले ते बैठकीत सांगितले असते तर तिच्या मागे दहाजणी बोलल्या असत्या.

बैठका लांबतात, ते कबूल. मग वेळ बांधून घेऊ, निवेदन दोघांनी लिहावे, पोलिसांनी धरपकड केली तर पंधरा दिवसांपुरते तिघांना अधिकार देऊ आणि सोळाव्या दिवशी त्यांच्याकडून हिशेब घेऊ. अशी दुरुस्ती आम्ही लिहून आणली आहे, ती ठरावाबरोबरच वाचली जाईल. हिशेबाची वही खजिनदाराकडे आणि नक्कल प्रत्येक तालुक्याला, हेही तिच्यात आहे. डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीबद्दल जे बजावले, ते पोरांनी जेवायच्या सुट्टीत एकदा वाचावे. प्रत टेबलावर ठेवली आहे.

ठराव आमच्या नावाचा असल्याने त्या वेळी आम्ही मांडवाबाहेर बसू आणि मत देणार नाही. मतदान चिठ्ठीने व्हावे, बायांच्या चिठ्ठ्या त्यांनी स्वतः टाकाव्यात. खोडाळ्याकडची गाडी वाटेत बंद पडली असा निरोप आहे, ती माणसे संध्याकाळपर्यंत पोचणार नाहीत. त्यांची मते कोणत्याही बाजूला धरू नयेत.